नोंद वेगळी, नकाशा वेगळा

वसई मराठ्यांच्या हाती नेमकी कोणत्या दिवशी आली? शाळेच्या पुस्तकाला 1739 एवढं साल पुरतं. पण ज्याला त्या मोहिमेवर प्रबंध लिहायचा आहे, त्याच्यासमोर एकाच घटनेची चार पंचांगं उघडतात. पेशवे दप्तरातल्या पत्रावर चांद्र महिन्याचा दिवस असतो आणि सन असतो ‘तिसा सलासीन मया व अलफ’, म्हणजे शुहूर 1139. मराठी ग्रंथकार शके 1661 लिहितो. पोर्तुगीज कागदावर ग्रेगोरियन तारीख. मुंबईच्या इंग्रजांच्या कागदावर मात्र ज्युलियन, कारण इंग्लंडने नवं कॅलेंडर स्वीकारलं ते 1752 मध्ये. इंग्रजांच्या कागदात 5 मे लिहिलेला असेल, तर पोर्तुगिजांच्या कागदात तोच दिवस 16 मे असणार. दिवस एक, फरक अकरा दिवसांचा.

हे सगळे कागद एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, तर ‘तारीख’ या चौकटीत काय लिहायचं?

हा प्रश्न जिने विचारला ती भाईंदरची, इतिहासात पीएच.डी. करणारी मुलगी. उत्तन, पाली, डोंगरी, चौक ही गावं ज्यावर वसली आहेत त्या धारावी बेटाचा इतिहास हा तिचा विषय. ज्यांना विचारला ते सर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. त्यांचं सारं आयुष्य तालिकेची कार्डं लिहिण्यात आणि लिहून घेण्यात गेलं. जागा चौकची. भाईंदर पश्चिमेहून बस उत्तनवरून इथे येते. बेटाच्या टोकाला धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आता तिथे वसई मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. खाडीपलीकडे वसई. हा किल्ला 1739 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी घेतला, खाडीच्या तोंडावर त्यांचा पहारा बसला आणि वसईला समुद्रातून मिळणारी मदत अडली. ज्या विषयाची साधनं लावायची त्याच विषयाच्या जागेवर बसून दोघं बोलत होती. मी ऐकत होतो. मध्येमध्ये माझंही मत बनत गेलं, ते मी लपवणार नाही.

सर : तू मला विचारतेस कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. ते नंतर. तुझ्याकडे साधनं कोणत्या जातीची आहेत ते आधी सांग.

ती : छापील मराठी आहे, सर. सरदेसाईंनी 1930 ते 34 मध्ये काढलेले पेशवे दप्तराचे खंड, त्यातला सोळावा वसई मोहिमेचा. इंग्रजीत ठाण्याचं 1882 चं गॅझेटिअर, गर्सन द कुन्हांचं चौल-वसईवरचं 1876 चं पुस्तक. इतिहासकार पिसुर्लेकरांच्या वाटेने गोव्याच्या पुराभिलेखांतलं पोर्तुगीज. आणि इथल्या लोकांच्या मुलाखती. सगळं लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये पडलंय. फाइलींची नावं ‘स्कॅन तीन’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’. मार्गदर्शकांनी सांगितलंय, आधी हे लावून घे, मग प्रकरणाचं बोल.

सर : मग कार्डं घे. पाच बाय तीनची. प्रत्येक साधनाला एक. मी गंमत करत नाही. कार्डावर लिहिताना हात हळू चालतो आणि त्या वेळात माणूस वाचतो. तुमच्या यंत्रात बटण दाबलं की चाळीस लेख आत येतात आणि एकही वाचलेला नसतो.

ती : बटण दाबून येतात ते इंग्रजी लेख. ज्याला डीओआय आहे, आयएसबीएन आहे, त्याचा तपशील झोटेरो हे संदर्भांचं सॉफ्टवेअर आपोआप आणतं. सोळाव्या खंडाचा स्कॅन टाकला तर काहीच येत नाही. लेखक, संपादक, साल, प्रकाशक सगळं मलाच टंकावं लागतं. म्हणजे कार्ड मी लिहितेच आहे. फक्त कागदावर नाही.

इथे मला तिचं म्हणणं पटलं. या सॉफ्टवेअरची जाहिरात वेग सांगते, पण जुन्या मराठी साधनांवर काम करणाऱ्याला तो वेग मिळतच नाही. कित्येक मराठी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर नुसत्या चित्रांच्या रूपात आहेत. जे टंकलेले आहेत त्यांतले बरेच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्यातला मजकूर उचलून डकवला की अक्षरांचा भुगा होतो, आणि शोधाच्या चौकटीत ‘वसई’ टाकून तो सापडत नाही. तेव्हा मराठी संशोधकाने सॉफ्टवेअर निवडताना ‘किती पटकन भरतं’ यापेक्षा ‘हाताने भरलेलं किती नीट सांभाळतं’ हे बघायला हवं. ही कसोटी इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सहसा नसते, कारण त्यांना ती लागत नाही.

सर : बरं, सोळावा खंड कसा भरलास?

ती : सुरुवातीला एक पुस्तक म्हणून भरला. मग अडकले. त्यात पत्रं आहेत, प्रत्येकाला लेखांक आहे, लिहिणारा वेगळा, दिवस वेगळा. धारावीवरून लिहिलेलं पत्र आणि वसईच्या मोर्चातून लिहिलेलं पत्र एकाच नोंदीखाली गेलं, तर नंतर कोण काय म्हणालं ते कळणार नाही.

सर : आमच्याकडे याला विश्लेषणात्मक नोंद म्हणत. पुस्तकाचं मुख्य कार्ड एक, आणि आतल्या महत्त्वाच्या घटकाला स्वतंत्र कार्ड, त्यावर ‘पाहा’ करून मुख्य पुस्तक. हे तुमच्या यंत्राने शोधलेलं नाही.

ती : यंत्रात जमतं. जे पत्र मी वापरणार त्याची ‘पत्र’ या प्रकाराची वेगळी नोंद केली. लेखकाच्या जागी पत्र लिहिणारा, संपादक सरदेसाई, खंड सोळा आणि लेखांक हे शेऱ्यात, आणि ‘संबंधित’ म्हणून मूळ खंडाशी जोडणी. तारखेच्या चौकटीत इसवी सन. मूळ पत्रावरचा मजकूर, म्हणजे चांद्र दिवस, शुहूर सन, सगळं जसंच्या तसं ‘जादा’ नावाच्या चौकटीत. आणि तारीख मी कोणत्या कोष्टकावरून बदलली तेही तिथेच.

सर : शके?

ती : शकेला तर फारच जपावं लागतं. ‘शके 1859’ असं तारखेत लिहिलं की यंत्र ते 1859 सालचं पुस्तक समजतं, आणि 1937 चा ग्रंथ संदर्भसूचीत द कुन्हांच्याही आधी जाऊन बसतो. म्हणून तारखेत 1937, जादामध्ये शके 1859.

सर : अठ्ठ्याहत्तर मिळवलेस. पण चैत्र जानेवारीत लागत नाही. पुस्तक पौषात, माघात निघालं असेल तर एकोणऐंशी.

ती : ते लिहून ठेवते.

तिने खरंच तिथेच लिहून घेतलं, फोनवर. सरांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा तेव्हा थोडा सैल झाला असावा, कारण पुढचा मुद्दा त्यांनी फार आपुलकीने मांडला. ग्रंथालयशास्त्रातला तो गाभ्याचा मुद्दा आहे आणि सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांपैकी फार थोडे तो विचारात घेतात.

सर : तुझ्या यंत्रात ‘धारावी’ शोध बघू.

तिने शोधलं. वर आले ते मुंबईतल्या धारावीच्या पुनर्विकासावरचे इंग्रजी लेख; कधीतरी चुकून साठवलेले. तिचं बेट खाली कुठेतरी.

सर : आता ‘वसई’ शोध. द कुन्हा येणार नाही, कारण त्याच्या शीर्षकात बासीन आहे. पोर्तुगीज कागद येणार नाही, त्यात बसाईं आहे. साष्टी शोधलीस तर गोव्यातली सासष्टी त्यात मिसळेल, इंग्रजीत तर दोन्हींना साल्सेट. आम्ही काय करायचो? एक प्रमाण नाव ठरवायचो. बाकीच्या प्रत्येक नावाचं एक कार्ड, त्यावर फक्त एवढंच: ‘बासीन, पाहा वसई’. वाचक कोणत्याही दाराने आला तरी त्याच खोलीत पोचायचा. तुझ्या यंत्रात ‘पाहा’ कार्ड आहे?

ती : नाही. टॅग आहेत, पण एका टॅगला दुसऱ्या टॅगकडे पाठवायची सोय झोटेरोमध्ये नाही.

सर : मग?

ती : मग प्रमाण नावं मीच ठरवायची. प्रत्येक नोंदीला ‘वसई’, ‘साष्टी (ठाणे)’, ‘धारावी बेट’ असे टॅग हाताने लावायचे, आणि पर्यायी नावांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवायची. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, सर. कार्यशाळेत फक्त वर्डमध्ये संदर्भ कसा घुसवायचा ते दाखवतात.

मला वाटतं, ग्रंथपालांना संशोधन पद्धतीच्या वर्गात पहिल्या दिवशी बोलवायला हवं, शेवटच्या नव्हे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची 1943 मध्ये छापली, आणि 1938 ते 1950 चा पुढचा खंड 1961 मध्ये. पुस्तकामागून पुस्तक हातात घेऊन, त्याचं शीर्षकपान वाचून केलेलं ते काम आहे. आज मराठीत कुठल्याही विषयावर ‘पूर्वी काय लिहिलं गेलं’ हे शोधणारा दात्यांच्या खांद्यावर उभा असतो, त्याला ते माहीत असो वा नसो. नोंद करणं हे संशोधनाच्या आधीचं हमालीचं काम आहे असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. तो समज काढल्याशिवाय कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

सर : डेक्कन कॉलेजात जाऊन बघ. संस्कृत कोशाचं काम 1948 मध्ये कत्र्यांनी सुरू केलं. जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग 1976 मध्ये निघाला. त्या चिठ्ठ्यांना पासवर्ड नाही, आवृत्ती नाही, वर्गणी नाही. पन्नास वर्षांपूर्वीची चिठ्ठी आजचा माणूस खणातून काढून वाचतो. तुझं यंत्र पन्नास वर्षं राहील?

ती : यंत्र राहणार नाही. माझी नोंद राहिली पाहिजे. आणि त्या एक कोटी चिठ्ठ्या पुण्यात एका इमारतीत आहेत, सर. मी भाईंदरला बसून त्या बघू शकत नाही. माझ्या पाठीमागून या बेटावर काम करणाऱ्या मुलीला मी सगळा संग्रह एका फाइलमध्ये देऊ शकते.

सर : देऊ शकशील याची खात्री काय? कंपनीने दार लावलं तर?

या प्रश्नाला ती तयारीने आली होती. मेंडली नावाचं सॉफ्टवेअर 2008 मध्ये आलं, चटकन लोकप्रिय झालं, 2013 मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं. 2018 मध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरची त्याची माहितीफाइल कुलूपबंद झाली. कंपनीने सुरक्षिततेचं कारण दिलं. पण परिणाम असा झाला की दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती फाइल थेट वाचता येईना. 2022 मध्ये जुनं डेस्कटॉप मेंडली नव्याने उतरवून घेणंही बंद झालं. त्याआधी 2008 मध्ये एंडनोट या दुसऱ्या संदर्भ-सॉफ्टवेअरच्या मालक कंपनीने झोटेरो बनवणाऱ्या जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला होता, कारण झोटेरो एंडनोटच्या शैलीच्या फाइली वाचू लागलं होतं. दावा पुढच्या वर्षी निकाली निघाला, विद्यापीठाचं काम चालू राहिलं. भांडण बाहेरून क्षुल्लक दिसतं. आतून बघितलं तर मुद्दा एकच: संशोधकाने वर्षानुवर्षं जमवलेल्या नोंदींवर हक्क कुणाचा.

ती : म्हणून झोटेरो. मोफत आहे म्हणून नाही. त्याची सारी माहिती माझ्याच संगणकावर एका फोल्डरमध्ये असते, आणि आरआयएस किंवा बिबटेक्स या साध्या मजकुराच्या रूपात सगळ्या नोंदी कधीही बाहेर काढता येतात. नोटपॅडमध्ये उघडल्या तरी वाचता येतील अशा. मी तसा एक संच पेनड्राइव्हवर ठेवते.

सर : कागदावर छापून पण ठेव.

ती : ठेवीन.

ती हे मनापासून म्हणाली. मला आवडलं ते हे, की कार्ड की यंत्र हा वाद इथे मागे पडला आणि नोंदीवरचा हक्क हा विषय पुढे आला. त्या बाबतीत दोघांचं एकच मत होतं, फक्त दोघं ते वेगवेगळ्या वाटेने बोलत होती.

उणिवाही तिने सांगितल्या, न लपवता. झोटेरो वर्डमध्ये संदर्भांची एकच सलग यादी लावतं. मराठी प्रबंधाला मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज अशा वेगळ्या याद्या लागतात. त्या संग्रहाच्या उपफोल्डरवरून स्वतंत्र काढून शेवटी डकवाव्या लागतात. इंग्रजी शैली लावली की मराठी तळटीपेत ‘व इतर’च्या जागी रोमन लिपीतलं ‘एट अल’ येतं, ते बदलायला शैलीची फाइल उघडून दुरुस्त करावी लागते. फाइली ढगावर ठेवायला मोफत जागा 300 एमबी. स्कॅन केलेला एखादा जाड खंडच तेवढी जागा खातो. म्हणून ती नोंदी ढगावर ठेवते, स्कॅन घरच्या डिस्कवर.

मग विषय नकाशाकडे वळला, आणि तिथे खरी फूट पडली.

ती : आता दुसरी अडचण. नोंदी लागल्या, पण प्रकरणं सुचत नाहीत. सगळं एकमेकांत गुंतलंय. मैत्रिणीने सांगितलं, माइंड मॅप कर. मधोमध विषय, भोवती फांद्या. म्हणून मला असं एकच सॉफ्टवेअर हवं होतं, ज्यात संदर्भही राहतील आणि नकाशाही होईल. डोसिअर म्हणून एक आहे. जर्मनीत माग्डेबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं. पीडीएफमध्ये खूण केलेली वाक्यं थेट नकाशाच्या फांदीवर येतात, संदर्भासकट.

सर : छान की मग.

ती : छान होतं. गेली कित्येक वर्षं त्यात नवं काही झालेलं नाही.

सर : बघ. दोन कामं एका गाठोड्यात बांधली की एक सुटलं तर दुसरंही सुटतं. मला तर नकाशाच नको वाटतो. नकाशा विचार करायच्या आधीच विचार झाल्यासारखं दाखवतो. मधे ‘वसईची मोहीम’, एक फांदी ‘धारावी’, एक फांदी ‘चर्च’, एक ‘मच्छीमार’. रंगीत, देखणं. आणि त्या रेघेचा अर्थ काय? धारावीमुळे वसई पडली? धारावी वसईच्या आधी पडली? की दोन्ही एकाच मोहिमेत आहेत एवढंच? रेघ काहीच सांगत नाही. आणि वाचणाऱ्याला वाटतं सांगितलं.

सरांचा हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. टोनी ब्यूझनने 1974 मध्ये बीबीसीच्या मालिकेतून माइंड मॅप घराघरांत नेला, तो आठवण आणि सुचणं यासाठी. त्याची रचना झाडाची आहे: प्रत्येक गोष्टीला एकच मूळ फांदी. पण धारावी बेटावरचं एखादं मच्छीमार घर घ्या. ते कोळी आहे, ख्रिस्ती आहे, मराठी बोलणारं आहे, मासेमारीच्या हद्दीतल्या हिश्श्याचं आहे. झाडात त्याला एकाच फांदीवर बसवावं लागतं, आणि जी फांदी निवडाल तिने तुमचा निष्कर्ष आधीच ठरवलेला असतो. इतिहासात हे धोक्याचं.

ती : म्हणून मी कॉन्सेप्ट मॅप बघितला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाकने 1970 च्या दशकात काढलेला. त्यात रेघेवर शब्द लिहावाच लागतो. ‘धारावी घेतली’, मग रेघेवर ‘त्यामुळे अडली’, मग ‘वसईची समुद्रवाट’. रेघ गप्प राहू शकत नाही. आणि एका चौकोनातून कितीही चौकोनांकडे जाता येतं, झाड नाही, जाळं.

सर : रेघेवर शब्द आला, ते बरं झालं. पुरावा कुठाय?

ती : पुरावा?

सर : ‘त्यामुळे अडली’ असं कोण म्हणतो? चिमाजी अप्पाचं पत्र? पोर्तुगीज सेनापती? द कुन्हा, जो सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहितोय? की तू? रेघ हे एक विधान आहे. विधानाला तळटीप लागते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने लॅपटॉप सरांकडे फिरवला. फ्रीप्लेनमध्ये केलेला एक नकाशा होता. फ्रीमाइंड या जुन्या मोफत सॉफ्टवेअरमधून पुढे निघालेलं हे सॉफ्टवेअर, आणि त्याची फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे नोटपॅडमध्येही उघडते. तिथल्या जोडणीवर उजवं बटण दाबून तिने रेघेवर लिहिलं: ‘त्यामुळे अडली, पे. द. 16’, आणि रेघ ज्या चौकोनातून निघते त्याला झोटेरोतल्या नोंदीचा दुवा लावला. दुव्यावर टिचकी मारली की झोटेरो उघडून तीच नोंद दाखवत होतं.

सर : लेखांक घाल. नुसता खंड नको.

तिने लेखांक घातला.

सर : आता ज्या रेघेवर संदर्भ नाही ती वेगळ्या रंगाने काढ. लाल. म्हणजे तुलाच कळेल, हे अजून फक्त तुझं म्हणणं आहे.

ती : सर, मग अर्ध्याहून जास्त रेघा लाल होतील.

सर : होऊ देत. प्रबंध म्हणजे त्या लाल रेघांचंच काम.

मी इथे सरांच्या बाजूने उभा आहे, पण तिच्या हत्यारासकट. तो लाल रंग कार्डांच्या खणात दिसला नसता. एक कोटी चिठ्ठ्यांमध्येही दिसला नसता. कुठे पुरावा आहे आणि कुठे आपण ओढूनताणून जोडलंय, हे एका नजरेत दाखवण्याची ताकद नकाशात आहे. मात्र त्यासाठी नोंद नकाशापासून वेगळी, स्वतंत्र, पक्की असायला हवी. नकाशा दर महिन्याला मोडायचा असतो. नोंद मोडायची नसते. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोंबलं की नकाशा मोडताना नोंदींना हात लागतो, किंवा नोंदी जपायच्या म्हणून नकाशा मोडवत नाही. मध्ये एक बारीक दुवा पुरतो, नोंदीचा पत्ता एवढाच. तो तुटला तर पुन्हा लावता येतो. कुणी मेंडली सोडून झोटेरो घेतलं, उद्या आणखी काही येईल. फ्रीप्लेनऐवजी कुणी सीमॅपटूल्स घेईल, कुणी एक्समाइंड. माझं म्हणणं आहे की निवड करताना सोयींची यादी बाजूला ठेवून आधी हे तपासावं: यातली माझी नोंद मी बाहेर काढू शकतो का, आणि माझा नकाशा मी निर्धास्तपणे मोडू शकतो का.

मुलाखतींचा विषय शेवटी निघाला. खाली वलांडीवर बोंबील वाळत होते, बायका ते उलटत होत्या. त्यांच्यापैकी काहींशी तिने बोलून घेतलं होतं.

ती : मुलाखत हा प्रकार झोटेरोत आहे. ‘लेखक’ऐवजी ‘मुलाखत देणारी व्यक्ती’ अशी चौकट येते. पण मी ती रिकामी ठेवलीय. त्याऐवजी क्रमांक.

सर : हे मला पटत नाही. द कुन्हाचं नाव देतेस, सरदेसाईंचं देतेस, पत्र लिहिणाऱ्या कारकुनाचं देतेस. आणि जिने समोर बसून तुला समुद्र समजावून सांगितला तिला क्रमांक? तिचं ज्ञान ते ज्ञान नाही?

ती : ज्ञान आहे म्हणूनच, सर. त्यांनी कवींबद्दल सांगितलंय. डोलीची जाळी ज्या खांबांना लावतात ते खांब कुणी कुठे रोवले, कधीपासून. उत्तन-वसईचे मच्छीमार आणि उत्तरेला पालघर-डहाणूकडचे, यांच्यात कवींच्या हद्दीवरून जुना वाद आहे. उद्या कुणी माझा प्रबंध काढून दाखवला, ‘बघा, तुमचीच बाई म्हणते’, तर? आणि झोटेरोच्या नोंदी मी ढगावर ठेवते. नाव तिकडे जाईल.

सर : ढगावर ठेवू नकोस. नाव आणि क्रमांकाची जोडी कागदावर लिही, एका वहीत. पण ती वही असू दे. पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारेल, हे कोण बोललं होतं.

ती : वही कुणाकडे राहील?

सर : ग्रंथालयाकडे. सीलबंद, मुदत घालून. पुराभिलेखागारं हेच करतात.

ती : ग्रंथालय विद्यापीठाचं. बायका इथल्या. वही इथे गावात राहायला हवी.

यावर दोघांचं जमलं नाही, आणि मलाही कुणाच्या बाजूने निकाल देता येत नाही. सरांना भीती की गावात वही हरवेल. तिला भीती की संस्थेत गेलेली वही गावाला पुन्हा दिसणार नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्या दिवशी एवढंच ठरलं की त्या बायकांनाच विचारायचं. तिने संमतीचा कागद मराठीत लिहिला, त्यावर दोन चौकटी आखल्या: ‘माझं नाव छापा’ आणि ‘माझं नाव छापू नका’. उतरून खाली गेली, वाचून दाखवला. बायकांनी तिला तिसरी चौकट आखायला लावली: नाव छाप, आमच्या आईचंही छाप, कवीची जागा छापू नकोस.

आता झोटेरोत त्या नोंदींमध्ये नावाची चौकट भरलेली आहे आणि कवीची जागा कुठेच लिहिलेली नाही. ती का लिहिली नाही, तेही ‘जादा’मध्ये लिहिलेलं आहे.